गिरणी वरच्या मजल्यावरची

साखर वाढली, पण डब्यातली नव्हे, रक्तातली. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास सायकल मारा." आता संध्याकाळी बँक सुटल्यावर गिरगावात सायकल मारायची म्हणजे ती हातात धरून चालायचं! तेव्हा सायकल घरातल्या घरात चालवायचं 'ट्रेनर' नावाचं यंत्र घ्यायचं ठरलं. बी.कॉम. असल्यामुळे आधी तीन कोटेशनं घेतली.

पहिला प्रकार रोलरचा. तीन रुळांवर सायकल नुसती ठेवायची, तोल आपला आपण सांभाळायचा. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तोल गेला तर थेट देव्हाऱ्यात! दुसऱ्यात मागचं चाक एका रुळावर टेकवतात आणि चुंबकाच्या जोरावर तो रूळ जड फिरतो. हा स्वस्त, पण टायर झिजवतो आणि आवाज करतो. तिसऱ्यात मागचं चाकच काढून साखळी थेट यंत्रावर चढवतात. आवाज कमी, मोजमाप अचूक आणि किंमत ऐकून निम्मं वजन दुकानातच उतरतं. मी मधला घेतला. मध्यमवर्ग दुसरं काय घेणार?

सायकल घरची होती. वडील तिच्यावरून लालबागच्या गिरणीत जात. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि सायकल गॅलरीत उभी राहिली ती राहिलीच. दुकानदार म्हणाला, "साहेब, हिचा मागचा आस नटांचा. यात बसणार नाही." म्हणजे यंत्रासाठी नवी सायकल आली!

आता गुणदोष. गुण मोठा: इथे उतार नाही, सिग्नल नाही, लबाडी नाही. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. तीन महिन्यांत साखर खाली आली, हे कबूल केलं पाहिजे.

दोष वाऱ्याचा. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्याला खंडाळ्याचा वारा तरी मिळतो. जागच्या जागी घाम वाळत नाही, म्हणून पंखा लागतो. मी ताळेबंद मांडला. माझे पाय देतात फार तर १०० वॅट, पंखा खातो ७५. निव्वळ शिल्लक २५. असली शाखा कुठलीही बँक बंद करील.

शिवाय चाळीची जमीन लाकडी. खालच्या काकू वर आल्या. "अरे, वर पिठाची गिरणी घातलीस का?" रबरी चटई अंथरली. आवाज दबला, हादरे राहिले.

माझं मत असं: पावसाळ्याचे चार महिने हे यंत्र सोन्यासारखं. उरलेले आठ महिने पहाटेचा रस्ता बरा.

गेल्या रविवारी वडिलांच्या सायकलला नवे टायर घातले आणि सहाला चौपाटीपर्यंत जाऊन आलो. वारा फुकट. जिन्यात काकू भेटल्या.

"आज गिरणी बंद का रे?"

"हो काकू," मी म्हटलं, "संप आहे."

काकू हसल्या. मग त्यांचं लक्ष सायकलकडे गेलं आणि त्यांनी हळूच तिच्या सीटवरून हात फिरवला.