सीमाभागातील कथा आणि घरातला तंटा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील मराठी माणूस नेहमीप्रमाणे आपल्याच घरात झोपेतून उठला. परंतु आदल्या रात्री तो मुंबई राज्याचा रहिवासी होता, आणि सकाळी म्हैसूर राज्याचा झाला होता. त्याने गाठोडे बांधले नव्हते, वेस ओलांडली नव्हती, शेत विकले नव्हते. हलली ती सीमा. या एका घटनेने गेल्या सहासात दशकांत आमच्या भागात जे लेखन घडविले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. पोवाडे आहेत, कविता आहेत, एकांकिका आहेत, आणि कथा तर विपुल आहेत. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या ज्या साहित्यसंमेलनाने संयुक्त महाराष्ट्राचा ठराव केला, ते बेळगावातच भरले होते; त्यामुळे येथे साहित्य आणि चळवळ यांचा पाट मुळातच एका विहिरीवरून निघाला, असे म्हटले तरी चालेल. तथापि त्या लेखनाकडे वाङ्मय म्हणून पाहू लागलो की एक उणीव आम्हांला सतत जाणवत आली आहे. या लेखनातला शत्रू नेहमी घराबाहेर असतो. तो कचेरीत असतो, फलकावर असतो, लाठी घेऊन चौकात उभा असतो. घरात मात्र सगळे एकमताचे असतात. हे खरे आहे काय?

आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते का, हे सांगण्यापूर्वी थोडे दूरचे उदाहरण घेणे सोयीचे होईल. दुसऱ्या महायुद्धानंतर पाकिस्तानातून जी कुटुंबे इंग्लंडमध्ये जाऊन स्थायिक झाली, त्यांच्या दुसऱ्या पिढीने इंग्रजीत लक्षणीय लेखन केले. अयुब खान-दीन यांचे ‘ईस्ट इज ईस्ट’ हे नाटक १९९६ साली रंगभूमीवर आले. सॅलफर्डमध्ये तळलेल्या मासळीचे दुकान चालविणारा जॉर्ज खान, त्याची इंग्रज पत्नी, आणि बापाने ठरविलेले विवाह झुगारून देणारी मुले, असा त्याचा विषय. काळ १९७१ चा. इकडे पाकिस्तान फुटत आहे आणि तिकडे या गृहस्थाचे घर फुटत आहे. येथे बाप परंपरेचा आणि मुले नव्या देशाची, ही सरळ मांडणी आहे. हनीफ कुरेशी यांच्या ‘माय सन द फनॅटिक’ या १९९४ सालच्या कथेत मात्र ही मांडणी उलटी होते. टॅक्सी चालविणारा परवेझ हा बाप इंग्लंडात रमलेला, मद्य घेणारा, धर्माची फारशी तमा न बाळगणारा; आणि इंग्लंडातच वाढलेला त्याचा मुलगा अली दाढी राखून नमाजाकडे वळतो. शेवटी बाप मुलावर हात टाकतो आणि हट्टाग्रही नेमका कोण, हा प्रश्न वाचकावर येऊन आदळतो. कुरेशी यांचे मोठेपण आम्हांला यात दिसते की, त्यांनी बापालाही झुकते माप दिले नाही आणि मुलालाही नाही. ओळख ही वडिलांकडून मुलाकडे वाहत येणारी गोष्ट आहे, हा आपला भाबडा समज ही कथा मोडून काढते. मुलगा आपली ओळख कधी बापाला बाजूस सारून, थेट आजोबांच्या पेटीतून उचलतो.

आता कोणी म्हणेल, परमुलखात गेलेल्यांची गोष्ट निराळी आणि आमची निराळी. निराळी आहेच. ती माणसे गेली. आम्ही जागेवरच आहो. त्यांना परत जाण्यास निदान कल्पनेत तरी एक गाव होते. आमचे गाव आमच्या पायाखाली आहे, आणि तरीही ते आमचे आहे हे दरवर्षी १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळून सांगावे लागते. तथापि घराच्या चार भिंतींत जे घडते त्यात विलक्षण साम्य आहे. आमच्या भागातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबांनी १९५६ चा सत्याग्रह पाहिला आहे. महाजन आयोगाने १९६७ साली निपाणी, खानापूर महाराष्ट्रास द्यावे आणि बेळगाव कर्नाटकातच ठेवावे असे सांगितले, तो दिवस त्यांना अजून बोचतो. वडिलांनी १९८६ चे कन्नडसक्तीविरोधी आंदोलन केले, आणि २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा पेढे वाटले. नातू अस्खलित कन्नड बोलतो, कारण त्याला नोकरी हवी आहे. इंग्रजी लिहितो, कारण त्याला चांगली नोकरी हवी आहे. आणि मराठी घरात बोलतो, कारण आईला दुसरे काही येत नाही. या तिघांत तंटा नाही, असे ज्यास वाटते त्याने आमच्या शाळेच्या कचेरीत जून महिन्यात एक दिवस बसावे.

आम्ही तेथे पुष्कळ वर्षे बसलो आहो. काळ्या दिवसाच्या फेरीत अग्रभागी चालणारा पालक दुसऱ्या दिवशी खालच्या मानेने मुलाचा दाखला न्यायला येतो, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्यासाठी. आणि त्याच्या मागोमाग त्याचे वडील येऊन दाखला देऊ नका म्हणून आम्हांस विनवितात. हे दृश्य आम्ही एकदा नव्हे, अनेकदा पाहिले आहे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नाटक सरकारच्या विरोधात निर्णय दिला की, प्राथमिक शिक्षणाचे माध्यम कोणते हे सरकारने लादू नये, ती निवड पालकाची. पुढे २०१५ च्या कायद्याने कन्नड भाषा एक विषय म्हणून शिकणे सक्तीचे झाले, ती गोष्ट वेगळी. पण माध्यमाची निवड पालकाच्या हाती आली. आमच्याकडे या निर्णयाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या दिवसापासून भांडण विधानसौधातून उठून आमच्या ओसरीवर आले, हे फारच थोड्यांच्या ध्यानी आले. लादणारा दूर झाला की निवडणारा उघडा पडतो. कथाकाराला याहून अधिक समृद्ध विषय कोणता हवा?

आणि तरीही आमच्या कथेने तो टाळला आहे. परीक्षकाच्या खुर्चीवर बसून सीमाप्रश्नावरील कथा आम्ही पेटीभर वाचल्या आहेत. त्यांतला बाप एकाच साच्याचा: करारी, फेटेवाला, लाठीचा वळ पाठीवर मिरविणारा. मुलगा दोन साच्यांतला. एक तर तो बापाचा झेंडा हाती घेतो, किंवा सरकारी नोकरीसाठी नाव-गाव-भाषा विसरतो आणि अखेरच्या परिच्छेदात पश्चात्तापाने बापाच्या पायांशी येतो. बहुधा तोवर बाप वारलेला असतो. या मुलाला आपली बाजू मांडण्याची संधी एकाही पानावर मिळत नाही. तो कन्नड का शिकला, ती भाषा त्याला आवडली काय, कन्नडमधला एखादा मित्र, एखादी कविता, एखादी मुलगी त्याच्या आयुष्यात आली काय, हे विचारण्याचे धाडस लेखक करीत नाही. याचे कारण आम्हांला भीतीत दिसते, प्रतिभेच्या अभावात नव्हे. मुलाची बाजू लिहिली तर ती खरी वाटेल, आणि मग चळवळीचे काय होईल, ही ती भीती. आम्ही ती हसण्यावारी नेत नाही; ज्यांनी मार खाल्ला त्यांच्या घरात बसून लिहिणे सोपे नसते. पण भीतीपोटी लिहिलेली कथा कथा राहत नाही, हेही तितकेच खरे.

या सगळ्या लेखनापासून निराळे उभे राहते ते प्रकाश नारायण संत यांचे लंपन. ‘वनवास’ (१९९४), ‘शारदा संगीत’ (१९९७), ‘पंखा’ (२००१) आणि ‘झुंबर’ (२००४) या चार संग्रहांतून संतांनी आमच्या भागाचे जे बालपण लिहिले, त्यास मराठीत जोड नाही. सीमाप्रश्न त्यात शोधूनही सापडणार नाही, आणि तरी सीमाभाग काय असतो हे कळावयास याहून चांगले पुस्तक आम्ही कोणाच्या हाती देणार नाही. लंपनची मराठी कन्नडच्या शेजारी वाढलेली आहे. तिची वाक्ये आमच्याकडच्या हेलाने चालतात, मध्येच कन्नड शब्द येतो आणि त्याचा अर्थ सांगण्याची गरज लेखकाला भासत नाही, कारण लंपनलाही ती भासत नाही. मित्राला गावाच्या नावाने हाक मारावयाची, तो ‘कणबर्गी गंग्या’. मग त्याच्या घरची भाषा कोणती, हा प्रश्न पोरांच्या मनात उमटतच नाही. पुण्यामुंबईच्या कित्येक समीक्षकांनी या भाषेचे गोडवा म्हणून कौतुक केले. आम्हांला तो गोडवा वाटत नाही, ते आमचे रोजचे बोलणे आहे. आणि संतांनी ते पुस्तकात जसेच्या तसे आणले म्हणून आमच्या विद्यार्थ्यांची आपल्या बोलण्याबद्दलची लाज काही अंशी गेली, हा त्यांचा आमच्यावरील खरा उपकार आहे.

परंतु येथेच एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. लंपन राहतो तो आजीआजोबांजवळ. आईवडील आणि भावंडे दूर. मधली पिढी घरातून उचलून बाजूला ठेवली आहे. आजीचे नातवावर प्रेम असते, पण त्या प्रेमात वारशाचा हिशेब नसतो. तू कोण होणार, हा प्रश्न बापाचा असतो. तेव्हा आमच्या भागाच्या सर्वोत्तम कथेतही पिढ्यांचा तंटा आला नाही, तो वगळूनच ती इतकी निर्मळ झाली, असे आम्हांस वाटते. हा दोष म्हणून आम्ही नोंदवीत नाही. स्वतः संतांना मातामहांनी दत्तक घेतले होते, त्यांचे कागदोपत्री नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. लेखक म्हणून मात्र त्यांनी जन्मदात्या पित्याचे नाव आणि आई इंदिराबाईंनी मराठी कवितेत रुजविलेले आडनाव घेतले. ज्याला दोन नावांनिशी जगावे लागले त्याला ओळखीचा प्रश्न कळला नव्हता, असे कोण म्हणेल? त्यांनी तो बालकाच्या वयापाशी थांबविला, एवढेच.

जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म चिकोडीकडील एकसंब्याचा, शिक्षण बेळगावचे, आयुष्य धारवाडचे. कन्नड मुलखात राहून मराठीत लिहिणाऱ्या या लेखकाने भाषेच्या भांडणावर कथा रचली नाही. त्यांच्या माणसांचे भांडण नियतीशी असते, आणि नियतीला माध्यम नसते. मात्र त्यांनी कॉनरॅड रिक्टर यांची जी कादंबरी ‘रानातील प्रकाश’ या नावाने मराठीत आणली, तिची आठवण येथे टाळता येत नाही. गोऱ्यांचा एक मुलगा लहानपणी रेड इंडियनांच्या हाती लागतो, त्यांचा पुत्र म्हणून वाढतो. मग १७६४ च्या तहानुसार त्याला जन्मदात्यांकडे जबरदस्तीने परत पाठविले जाते. तो तेथे रमत नाही, पळून परत येतो, आणि ऐन हल्ल्याच्या वेळी नावेतील एका लहानग्यात त्याला आपल्या गोऱ्या धाकट्या भावाचे रूप दिसते. तो सावध करतो. ज्या बापाने त्याला वाढविले तोच त्याचा जीव वाचवून त्याला वाटेवर सोडून देतो: यापुढे तू माझा नव्हेस. तह वरचे लोक करतात आणि वाट मुलाला तुडवावी लागते. जी. एं.नी हे पुस्तक का निवडले, याविषयी आम्ही तर्क करणार नाही. परंतु आमच्या भागातील वाचकाने ते वाचावे आणि परके समजावे, हे आम्हांस अशक्य दिसते.

निपाणीचे महादेव मोरे यांच्या कथेत वेगळीच हवा आहे. पिठाची गिरणी चालवीत या गृहस्थाने आयुष्यभर लिहिले आणि २०२४ साली ते गेले. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, मोटारींचे चालक, गॅरेजमधली पोरे ही त्यांची माणसे. या माणसांना भाषेचा अभिमान बाळगण्यास फुरसत नाही. ज्या भाषेत मजुरी मिळते ती भाषा ते बोलतात आणि जीत शिवी द्यावीशी वाटते तीत शिवी देतात. १९८१ साली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन केले, आणि ज्यात ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी बळी पडले, त्या रस्त्यावरही मराठी आणि कन्नड शेतकरी शेजारी शेजारी बसले होते. भाषिक ओळखीची धार पोटाच्या प्रश्नापुढे बोथट होते, हे मोऱ्यांनी भाषण न करता दाखविले. प्रतिष्ठित वर्तुळात त्यांची जेवढी दखल घ्यावयास हवी होती तेवढी घेतली गेली नाही, याचा विषाद वाटतो.

सर्वांत अवघड उदाहरण द. रा. बेंद्रे यांचे. घरची भाषा मराठी. कवी कन्नडचे, आणि असे की १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकु तंती’ या कन्नड संग्रहास मिळाला. त्यांनी मराठीतही लिहिले. टोपणनाव घेतले ते ‘अंबिकातनयदत्त’. आईचा मुलगा ही ओळख त्यांना पुरली. आमच्या कथेतील मुलगा बेंद्र्यांच्या वाटेने गेला, तर आमचा कथाकार त्यास अखेरच्या परिच्छेदात पश्चात्ताप करावयास लावील, याबद्दल आम्हांस शंका नाही.

हे सारे लिहिताना आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. आमच्या भागात खेडोपाडी साहित्यसंमेलने भरतात. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा ही नावे वाचकांस ठाऊक असतील. अशाच एका गावी, त्याचे नाव येथे घेत नाही, कथास्पर्धेचे परीक्षण आमच्याकडे होते. एका महाविद्यालयीन मुलाने कथा पाठविली होती. बाप काळ्या दिवसाच्या फेरीस निघाला आहे आणि मुलाची त्याच दिवशी बंगळूरला मुलाखत आहे. दोघे एकाच रिक्षातून बसस्थानकापर्यंत जातात, बाप मध्येच उतरतो. जाताना तो मुलाला मुलाखतीत विचारतील ते कन्नड शब्द म्हणावयास लावतो आणि उच्चार सुधारतो. कारण बापाला, आंदोलकाला, कन्नड मुलापेक्षा चांगले येते. एवढीच कथा. संवाद निम्मे कन्नड होते, देवनागरीत लिहिलेले. आम्ही तिला दुसरा क्रमांक दिला आणि शेरा लिहिला की, कन्नड संवादांचे मराठीकरण केल्यास परिणाम वाढेल. पुढच्या वर्षी त्या मुलाने कथा पाठविली नाही.

गेल्या दिवाळीत तो गावी आला असता भेटला. कथेची वही त्याच्याकडे आहे. ती या नियतकालिकाच्या संपादकांकडे पाठवावी आणि संवाद होते तसेच ठेवावेत, असे आम्ही त्यास सांगितले आहे.