श्रद्धा आणि ‘वाटणे’

ईश्वराच्या मृत्यूची घोषणा करणारा नीत्शे आम्ही सेमिनरीत अभ्यासला, तो मुख्यतः खंडनासाठी. त्याच नीत्शेचे बोट धरून एखादा तत्त्वज्ञ ख्रिस्तमंदिराच्या दाराशी परत येईल, असे तेव्हा कोणास वाटले नसते. तारुण्यात कॅथलिक चळवळीत वावरलेले आणि पुढे धर्माचरणापासून दुरावलेले तुरिनचे जिआनी व्हात्तिमो (१९३६–२०२३) असे परतले. त्याची साक्ष म्हणजे १९९६ सालचे त्यांचे ‘क्रेदेरे दी क्रेदेरे’ हे छोटेखानी पुस्तक.

त्याआधी १९९४ साली काप्री बेटावर व्हात्तिमो, झाक देरिदा आणि गादामर धर्म याच विषयावर विचारविनिमयास बसले होते. अंतिम सत्यांना सुरुंग लावणाऱ्या उत्तर-आधुनिक विचाराला धर्माचा प्रश्न पुन्हा का पडावा? व्हात्तिमोंचे उत्तर मार्मिक आहे. सर्व काही सिद्ध करू पाहणाऱ्या बुद्धीचा दावा ढासळला, तसा देव नाही हे सिद्ध करण्याचा तिचा अधिकारही ढासळला. पुढे ते फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळतात. ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले. म्हणून सत्य कोणावरही न लादणारा ‘दुबळा विचार’ हा देहधारणेचाच वारसा होय, असे ते मानतात. ऐहिकीकरणाला ते एकच मर्यादा घालतात, ती प्रीतीची.

अधिकारवाणीने बोलण्याची सवय जडलेल्या आम्हा धर्मगुरूंना रिक्त झालेल्या प्रभूची आठवण अशा लेखकाने करून द्यावी, हे लाजविणारे आहे आणि आभार मानण्याजोगेही.

तथापि पौल तेथेच थांबत नाही. त्याच्या पत्रात हे रिक्त होणे क्रुसावरील मरणापर्यंत जाते आणि देव त्या आज्ञाधारकाला उंचावतो. व्हात्तिमोंच्या मांडणीत मात्र ती इतिहासाची एक प्रक्रिया बनते आणि क्रुसावरच्या व्यक्तीचा चेहरा पुसट होतो. प्रक्रियेचे विवेचन करता येईल. तिच्यापुढे गुडघे कसे टेकणार?

पुस्तकाचे नावही हेच सांगते. इटालियन भाषेत श्रद्धा ठेवणे आणि वाटणे यांना ‘क्रेदेरे’ हे एकच क्रियापद आहे. ‘माझी श्रद्धा आहे, असे मला वाटते’, हा त्या नावाचा आशय. आपले अनेक सुशिक्षित तरुण आज हेच म्हणतात आणि त्यात अप्रामाणिकपणा नाही. मार्कलिखित शुभवर्तमानातील आजारी मुलाच्या बापाची श्रद्धाही अशीच डळमळीत होती. परंतु त्याने आपली दुबळी श्रद्धा स्वतःशी पुटपुटली नाही. ती प्रभूपुढे मांडून साहाय्य मागितले. वाटण्याची प्रार्थना होते ती येथेच.