भिंत कोणाच्या डोळ्यांसाठी?

दलित साहित्याच्या समीक्षेने गेल्या पन्नास वर्षांत कवितेचा अन्वय लावला. आत्मकथनांवर प्रबंध झाले, जलसे आणि गाणीही उशिरा का होईना अभ्यासक्रमात आली. वस्तीच्या भिंतीकडे मात्र समीक्षेने फारसे पाहिलेच नाही. वास्तविक, माझ्या निरक्षर वडिलांनी बाबासाहेब पहिल्यांदा पाहिले ते पुस्तकात नव्हे, समाजमंदिराच्या भिंतीवर. 1978 च्या ठरावापासून 1994 च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षे मराठवाड्यातल्या भिंती बोलत होत्या. तो मजकूर, ती चित्रे चुन्याखाली गेली. कविता संग्रहात राहते. भिंतीवरचे पुसले की पुसले. म्हणूनच ते जिवंत असताना त्याची चिकित्सा व्हावयास हवी.

हे सुचण्याचे कारण माझ्या गावचे आहे. केज तालुक्यातल्या आमच्या वस्तीत गेल्या एप्रिलमध्ये समाजमंदिराची रस्त्याकडची भिंत रंगवावयाचे ठरले. तीस फूट लांब, अकरा फूट उंच. गावात जाणाऱ्या प्रत्येकाला ती ओलांडूनच जावे लागते. कारखान्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या होत्या, चौदा एप्रिल तोंडावर होता. तालुक्याचा एक पेंटर मित्र धावून आला. एकेकाळी बाजारपेठेतल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या. फ्लेक्स आले आणि त्याच्या ब्रशला काम उरले नाही. माझे सहा विद्यार्थी आले. जुने पोपडे खरवडण्यात दोन दिवस गेले, मग लांबी, मग पांढऱ्याचे दोन हात. पिंपांवर फळ्या टाकून परांची केली. सुतळी निळीत बुडवून, ताणून, भिंतीवर झटका देत एकेक फुटाचे चौकोन पाडले. लहान कागदावरचे चित्र मोठ्या भिंतीवर न्यावयाची पेंटरची ही जुनी युक्ती. डोळा कुठे बसवायचा हे चौकोन सांगतात. पोरांनी रंग भरले, बायकांनी पाणी वाहिले, चहा केला. सगळी वस्ती राबली, असे मी त्या दिवसांत अभिमानाने सांगत होतो. ह्या वाक्यातली खोट मला नंतर कळली.

एका विद्यार्थ्याने मोबाईलवर असल्फ्याचा फोटो दाखवला. ‘सर, असं रंगवू.’ घाटकोपरच्या असल्फा टेकडीवरील झोपडपट्टी 2017-18 च्या हिवाळ्यात ‘चल रंग दे’ ह्या संस्थेने, बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांच्या आणि तिथल्या रहिवाशांच्या मदतीने रंगवली. पिवळ्या, निळ्या, गुलाबी भिंती, मधूनमधून चित्रे. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो 2014 साली सुरू झाली होती, आणि तिच्या खिडकीतून ही टेकडी दिसते. फोटो देशभर फिरले, इटलीतल्या समुद्रकाठच्या गावांशी तुलना झाली.

त्या तरुणांच्या हेतूविषयी मला शंका नाही. गळक्या, शेवाळलेल्या भिंतीवर ताजा रंग आला तर घरातल्या माणसालाही बरे वाटते. हे नाकारणारा समीक्षक पक्क्या घरात राहणारा असला पाहिजे. तरीही प्रश्न उरतोच. हे चित्र कोणत्या अंतरावरून पाहावयाचे आहे? मेट्रोच्या खिडकीतून टेकडी एका दृष्टिक्षेपात दिसते. बोळात उभ्या असलेल्या बाईला ती तशी कधीच दिसत नाही. तिला दिसतो समोरच्या घराचा हातभर अंतरावरचा तुकडा, खालची मोरी, पाण्याची रांग. ह्याच घाटकोपरात आझाद नगरावर 2000 च्या जुलैत दरड कोसळून साठांहून अधिक माणसे गाडली गेली. टेकडीवर राहणाऱ्याला टेकडीचे ते रूप आठवते. इटलीतले गाव आठवते ते खिडकीतल्या माणसाला.

त्यात कायद्याची गंमत पाहा. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला प्रतिबंध करणारा कायदा 1995 पासून आहे. परवानगीचा कागद आणि प्रायोजक पाठीशी असला की भिंतीवरच्या रंगाला सुशोभीकरण म्हणतात. वस्तीतल्या पोराने रात्रीतून जय भीम लिहिले की तेच विद्रूपण ठरू शकते. आमच्याकडे आचारसंहिता लागली की पहिला बोळा आमच्या भिंतींवर फिरतो. सौंदर्य आणि विद्रूपता ह्यांची सरहद्द रंगाने ठरत नाही, भिंतीसमोर कोण उभे आहे ह्याने ठरते, हे आमच्या सौंदर्यशास्त्राने केव्हाच सांगावयास हवे होते.

एवढे सगळे मी विद्यार्थ्यांना ऐकवले आणि मग स्वतः तेच केले.

भिंतीचे तीन भाग ठरले होते. एकात पुस्तक घेतलेले बाबासाहेब, दुसऱ्यात सावित्रीबाई आणि रमाई. तिसऱ्याचे रेखाटन माझे : उसाचा फड, कोयता, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, मागे पाचटाची कोपी, कोपीच्या तोंडाशी उघडे मूल. माझी आई अशीच राबली. घरातला पहिला पदवीधर झालो तो तिच्या कोयत्यावर. ह्या चित्राचा अधिकार मला नाही तर कोणाला, असे मला वाटत होते. वेदना, नकार, विद्रोह हे सूत्र मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. त्यातली वेदना भिंतीवर यावी, गावाने येता-जाता ती पाहावी, हा हेतू.

कोळशाने रेघा पडल्या, चित्र ओळखू येऊ लागले, तशा बायका जमल्या. नात्याने आत्या लागणारी एक म्हातारी बराच वेळ पाहत राहिली.

‘हे काय रे बाबा?’

‘आत्या, आपलीच मेहनत आहे.’

‘सहा म्हयने तेच बघून आलोत की आम्ही. आता घरला आल्यावर बी तेच बघायचं? अन् गावानं काय बघायचं, आमचं उघडं लेकरू?’ मग जरा थांबून, ‘तुला लई आवडत आसल तर तुझ्या कालिजात काढ.’

मला उत्तर सुचले नाही. सायंकाळी दोघी-तिघींनी पेंटरकडून चुन्याची बादली मागून घेतली आणि तो भाग पांढरा केला. नकार ही संकल्पना मी इतकी वर्षे शिकवली; ती माझ्या रेघांवरून चुन्याचा हात होऊन फिरेल असे वाटले नव्हते.

इथे मला शिकागोची भिंत आठवते. 1967 च्या ऑगस्टमध्ये त्या शहराच्या दक्षिण भागातील काळ्या वस्तीत, एका जुन्या इमारतीवर कृष्णवर्णीय चित्रकारांनी एकत्र येऊन ‘वॉल ऑफ रिस्पेक्ट’ रंगवली. ज्या ब्लॅक पँथरवरून आपल्याकडे 1972 साली पँथर हे नाव आले, तोच तो काळ. भिंतीवर माल्कम एक्स होते, मुहम्मद अली होते, गायिका आणि कवयित्री होत्या. मार्टिन ल्यूथर किंग मात्र नव्हते. कोणाला घ्यायचे, कोणाला नाही हे त्या मंडळींनी स्वतः ठरवले होते. पुढे मतभेद झाले, एका सहकाऱ्याने रंगवलेला भागच पांढरा करून तिथे दुसरे चित्र आले. 1971 च्या आगीनंतर इमारत पाडली गेली. त्या पांढऱ्या करण्याला कोणी कलेचा अवमान म्हणेल. मला तो त्या भिंतीच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो, कारण ज्या चित्रावर आपल्यापैकी कोणी चुना फिरवू शकत नाही ते चित्र आपले असत नाही. असल्फ्याविषयी मी हाच प्रश्न विचारीन : रंग दिल्यावर एखाद्या घरच्या बाईने आपली भिंत पुन्हा आपल्या मर्जीने पुसली असती, तर काय झाले असते?

पण वस्ती, वस्ती म्हणतो ती कोण? चित्रे ठरवणारी बैठक समाजमंदिरात झाली तेव्हा एकही बाई नव्हती. आम्ही अकरा पुरुष होतो, त्यांतल्या दोघांना स्थानिक पुढाऱ्याचा चेहरा हवा होता. तो वाद मी जिंकलो आणि पुरोगामी झाल्यासारखे वाटले. ज्यांनी पाणी वाहिले त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांचे मत आले ते रेघा भिंतीवर पडल्यावर, म्हणून चुन्याच्या रूपाने आले. सगळी वस्ती राबली, हे खरे. सगळ्या वस्तीने ठरवले, हे खोटे.

तरी आत्याचे सगळे मला पटलेले नाही. तिथे काय हवे म्हणून विचारले तर बायका म्हणाल्या, दप्तर घेऊन शाळेत निघालेल्या पोरी काढा. ते चित्र जिल्हा परिषदेच्या बोलक्या भिंतींवर गावोगाव आहे. त्यातल्या पोरी नेहमी हसतात, आणि टोळीबरोबर फडावर गेलेली पोर त्यात कधीच नसते. ‘हसतीय तर हसू दे की,’ असे एकजण म्हणाली. आम्ही दोघेही हटलो नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक दोन चित्रे आणि एका कोऱ्या तुकड्यासमोरून गेली.

पावसाळ्यात त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला ओल धरली, पोपडे सुटले. दसऱ्यानंतर टोळ्या गेल्या, आत्याही गेली. ह्या वयातही तिच्यावर उचल आहे. पेंटर म्हणतो, खालचा दोन फूट भाग खरवडून सिमेंट मारल्याशिवाय तिथे काहीच टिकणार नाही. ते काम टोळ्या परतल्यावर होईल. ह्या वेळची बैठक आत्याच्या ओसरीवर घ्यायची, एवढे ठरले आहे.