कासवं वाचवली कोणी?

वेळासला जाऊन आलेल्यांची प्रवासवर्णनं आपण वाचतो. माझा आक्षेप त्यांतल्या एका वाक्याला आहे: ‘आम्ही कासवं वाचवली.’ आता बघा, या वाक्याचा कर्ता कोण?

ऑलिव्ह रिडलेची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. कोल्ह्या-कुत्र्यांच्या आणि अंडीचोरांच्या आधी ते घरटं शोधायचं, कुंपणाच्या आत तेवढाच खोल खड्डा करून अंडी पुरायची, मग साधारण ५० दिवस राखण करायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन हे काम उभं केलं. पर्यटक पोचतो तो टोपली उचलायच्या वेळी. त्याच्या लेखात ती दहा मिनिटं पानभर असतात आणि ५० रात्री एका ओळीत.

यात बिघडलं काय? वाचकाला पिल्लं हमखास हवीशी वाटतात. ही मागणी कुठवर नेते ते श्रीलंकेत दिसतं. तिथल्या काही उबवणी केंद्रांत पर्यटकांसाठी पिल्लं टाकीत ठेवतात. जन्मल्याबरोबर खोल पाण्याकडे धावण्याचा जो जोर असतो, तो त्या टाकीतच संपतो.

स्वयंसेवकानं जाऊच नये, असं मी म्हणत नाही. त्याच्या राहण्या-जेवणाचे पैसे गावातल्या घरांत जातात, आणि ते महत्त्वाचं आहे. पण एकही पिल्लू न दिसलेल्या सकाळीबद्दलही त्यानं लिहावं. त्या दिवशीही कुणीतरी पहाटे किनारा चालून आलेलं असतं.