कानातली माई

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ शास्त्रीय संगीतावरचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. 2020 च्या व्हेनिस महोत्सवात त्याच्या पटकथेला पुरस्कार मिळाला. मला मात्र तो यंत्रातून येणाऱ्या आवाजांचा चित्रपट वाटतो.

गाणं शिकणारा शरद नेरूळकर (आदित्य मोडक) रात्री मोकळ्या मुंबईतून मोटारसायकल चालवतो. कानात हेडफोन, त्यात त्याच्या गुरुजींच्या गुरू माईंची व्याख्यानं. चित्र संथ केलेलं, आवाजामागे तानपुरा. रस्ता सरकत राहतो, शरद पोचत कुठंच नाही. माईंचं गाणं मुद्रित झालेलं नाही. उरलंय ते त्यांचं बोलणं. साधना, त्याग, निर्लोभीपणा. ऐकता ऐकता आपणही भारावतो, आणि दिग्दर्शकाचा डाव इथंच आहे. समोरचे गुरुजी (अरुण द्रविड) आजारी पडतात, थकतात, त्यांना तेल लावावं लागतं. माई मात्र म्हातारी होत नाही. तिला शंका विचारता येत नाही, तिच्याशी भांडताही येत नाही. शिरूरच्या एसटीत किंवा दौंड-पुणे गाडीत इअरफोन लावून व्याख्यानं ऐकणारी पोरं पाहिली, की मला शरद आठवतो. गुरू खिशात आला, पण चुकलेला सूर ऐकून थांबवणारं कुणी आलं नाही.

पुढं वय वाढलेला शरद आपल्याच गाण्याच्या व्हिडिओखालचे शेरे वाचतो. पुन्हा तेच: बोलणारा दिसत नाही आणि त्याचं म्हणणं खोडता येत नाही. कानातल्या आवाजानं अशक्य उंची दाखवली, पडद्यावरच्या शेऱ्यांनी मोजमाप काढलं. मोडक इथं चेहरा जवळजवळ हलवत नाहीत. अख्ख्या चित्रपटातला त्यांचा सर्वांत चांगला अभिनय हाच. आणि जुन्या दुर्मीळ फिती डिजिटल करून त्यांच्या सीडी विकणं हे शरदचंच काम. ज्या यंत्रानं तो जखमी होतो, त्याच्याच जोरावर परंपरा जपतो. ताम्हाणे यंत्राला खलनायक करत नाहीत, ते यामुळेच.

चित्रपटातला रिअॅलिटी शोमधल्या एका मुलीचा धागा तेवढा ठोकळेबाज झालाय. तिथं टीका फार सोपी आहे.

माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा. करारी, निवांत, कुठंही उपदेशाचा आव नाही. चित्रपट 30 एप्रिल 2021 ला नेटफ्लिक्सवर आला. भावे त्याआधी अकरा दिवस, 19 एप्रिलला, पुण्यात वारल्या होत्या.