आप्त कोण?

'परकीय अपप्रचार आणि लोकशाही' असा विषय मला दिला आहे. त्यातल्या 'परकीय' या शब्दावरच माझा आक्षेप आहे. आज तेवढाच मांडतो.

1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा, तालुका साक्री. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मुलं पळवणारी टोळी आली, या अफवेवर जमावाने त्यांना ठार मारलं. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून.

त्या दिवसांत देशभर मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलून नेतात. ती कराचीतली होती. म्हणजे पाकिस्तानी कारस्थान? नाही हो! मुलांना जपा, असं सांगणारी ती जाहिरात होती. शेवटी ते मूल परत आणून सोडतात. तो शेवट वाटेत कुणीतरी कापला, आणि पुढे पाठवली ती आपल्याच माणसांनी.

आता न्यायदर्शन बघा. दुसऱ्याच्या सांगण्याला ते प्रमाण मानतं, पण सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे गोष्ट स्वतः जाणणारा आणि आहे तशी सांगू इच्छिणारा. वात्स्यायन म्हणतो, ही कसोटी ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखीच. मराठीत मात्र आप्त म्हणजे नातेवाईक झाला. घोटाळा इथेच आहे. भाच्याने पाठवलं, म्हणजे खरंच असणार! भाचा आपला आहे, कबूल. पण त्याने पाहिलं काय?

परकीय हस्तक्षेप नसतोच, असं मी म्हणत नाही. रोमानियात तशा संशयावरून घटना न्यायालयाने 6 डिसेंबर 2024 रोजी अध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. पण लोकांनी दिलेली मतं पुसावी लागणं, याला प्रतिकारशक्ती कसं म्हणायचं? शिवाय 'परकीय' हा शिक्का हाती आला, की टीकाकाराच्या कपाळी मारायला सत्तेला वेळ लागत नाही. राईनपाड्यातले ते पाच जणही आधी 'परके'च ठरले होते.

आपल्या झाडीपट्टीतही धान निघाल्यावर गोसावी, बहुरूपी दारी येतात. यंदाही येतील. तेव्हा मोबाईलवर काही आलंच, तर पाठवणाऱ्याला विचारा: तू पाहिलंस काय? नाही, तर कुणी पाहिलं? उत्तर नसेल तर संदेश तिथेच थांबवा आणि पोलीस पाटलाला फोन लावा. लोकशाहीची राखण एवढ्यापासून सुरू होते.