‘कांचनजंगा’ आणि ओसरीचा अर्थ

मुंबईच्या कंबाला टेकडीवरील ‘कांचनजंगा’ ही चार्ल्स कोरिया यांची निवासी इमारत १९८३ मध्ये पूर्ण झाली. तिचे मूल्यमापन करताना ओसरीची दोन कार्ये वेगळी ओळखणे अगत्याचे आहे.

मुंबईत समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो. दुपारचे ऊन आणि पावसाची झोडही तिकडूनच येते. शिकागोच्या लेक शोअर ड्राइव्हवर मीस व्हान डेर रोहे यांनी १९५१ मध्ये काचेच्या जुळ्या इमारती उभ्या केल्या. तो मार्ग येथे उपयोगाचा नव्हता. जुन्या बंगल्यांनी या पेचावर खोल्यांभोवती व्हरांडा घालून तोड काढली होती. कोरियांनी तीच तोड सुमारे ८४ मीटर उंचीच्या, २१ मीटर बाजूच्या चौरस मनोऱ्यात योजिली. कोपरे कोरून त्यांनी तेथे दुमजली उंचीच्या बागा केल्या व राहत्या खोल्या त्यांच्या आडोशास ठेवल्या. परंपरेचे मर्म जाणून केलेली ही रचना आहे.

तथापि ओसरी हे केवळ हवामानाचे साधन नव्हे. घर आणि गाव यांच्यामधील तो सांधा होय. आल्यागेल्यास माजघरात न नेताही तेथे बसवून घेता येते. कांचनजंगातील ३२ घरांच्या बागा ज्याच्या त्याच्या आहेत. तेथून शेजारी जात नाही. ओसरीचे एक कार्य टिकले, दुसरे गळाले.

हाच पालट मराठी भाषेतही दिसतो. चाळीतली ‘गॅलरी’ म्हणजे सर्व बिऱ्हाडांची सामाईक वाट. फ्लॅटमधली ‘गॅलरी’ म्हणजे एका कुटुंबाचा सज्जा. शब्द तोच राहिला, त्याचा अर्थसंकोच झाला.

कोरियांना या सामाजिक अंगाची जाण नव्हती, असे म्हणता येणार नाही. त्याच दशकात बेलापूरच्या वसाहतीत त्यांनी सात-सात घरे एका सामाईक अंगणाभोवती मांडली. परंतु ती घरे जमिनीलगतची होती.

आज वरळीच्या बी. डी. डी. चाळींच्या जागी उत्तुंग मनोरे उभे राहत आहेत. रहिवाशांना मोठे घर व स्वतंत्र शौचालय मिळते, हा लाभ लहान नाही. चाळीच्या अडचणींचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु सामाईक गॅलरीचे काय, हा प्रश्न उरतोच. ओसरी उंचावर नेता येते, हे कांचनजंगाने सिद्ध केले. ती तेथे वाटून कशी घ्यावी, याचे उत्तर त्या वास्तूत नाही. आणि बहुसंख्यांच्या निवासाच्या दृष्टीने तेच उत्तर अधिक निकडीचे आहे.